जाहिरात पुरी होऊदे

कवितेच्या आधी जाहिरात आली. मामांनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. सोप्यावर घरची सगळी मंडळी दाटीवाटीनं बसलेली, शेजारची पोरं उंबऱ्यावर. व्हिडिओत साहित्य संमेलनाच्या मांडवात सूत्रसंचालकानं मामांचं नाव घेतलं, गावाचं नाव घेतलं, मामा माईककडे चालायला लागले आणि तेवढ्यात चित्र थांबून ठिबक सिंचनाच्या नळ्यांची कन्नड जाहिरात सुरू झाली. हिरवागार ऊस, पांढऱ्या शर्टातला शेतकरी, खाली कोपऱ्यात पाचापासून उलटा मोजणारा आकडा. मोजणी संपली तसं नातवानं बोट पुढं केलं. मामांनी त्याचा हात धरला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "ह्येचं पैसं तुमास्नी मिळत्यात न्हवं?" मी म्हटलं, मिळतात थोडे. "मग होऊदे की पुरी." आणि कन्नड नीट कळणारी सून, अजिबात न कळणारी म्हातारी आई, उंबऱ्यावरची पोरं, सगळी ती जाहिरात शेवटपर्यंत बघत बसली.

कविता भातलावणीची होती. चिखलात रुतलेल्या पायांची, बांधावर सोडलेल्या भाकरीची, पावसानं ओढ दिल्यावर रात्री अंगणात येऊन आभाळ बघणाऱ्या माणसाची. मांडवातल्या स्पीकरची घरघर रेकॉर्डिंगात उतरली होती, मागं कुणाचं तरी बाळ रडत होतं. कविता संपल्यावर घरात कुणी काही बोललं नाही. म्हाताऱ्या आईनं तेवढं "परत लाव" म्हटलं. परत लावल्यावर परत जाहिरात आली, या खेपेला दुसरीच, आणि तीही पुरी बघितली गेली. चहा घेऊन मी निघाले, पण ते 'होऊदे की पुरी' माझ्या मागं लागलं ते लागलंच.

बेळगावातल्या एका लहानशा मराठी व्हिडिओ चॅनलचं संपादन मी बघते. बातम्या, कुस्त्या, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, गणपती आणि हिवाळ्यात गावोगावची साहित्य संमेलनं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमानी. भाताची मळणी उरकून, ठेवणीतली नऊवारी नेसून बायका डोक्यावर कलश घेऊन ग्रंथदिंडीला उभ्या राहतात ते ज्यानं बघितलंय त्याला मी वेगळं काय सांगू. जाहिरात आणि पैसा हे माझ्या रोजच्या कामातले विषय. तरीही जाहिरात बघणं हे आपलं देणं आहे असं मानणारा प्रेक्षक मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटला. मामांना नियम ठाऊक नव्हता, पण त्यांनी जे केलं ते नियमाला धरूनच होतं. यूट्यूबवर पाच सेकंदांनी सोडून देता येणारी जाहिरात ३० सेकंद बघितली गेली, किंवा त्याहून छोटी असेल तर पूर्ण बघितली गेली, किंवा कुणी तिच्यावर बोट ठेवलं, तरच ती 'बघितली' असं धरून जाहिरातदाराकडून पैसे घेतले जातात. दर बघण्यामागे पैसे मोजण्याची जी पद्धत आहे, तिचा हा नियम. पाचव्या सेकंदाला उडवली तर जाहिरातदाराला काही पडत नाही आणि व्हिडिओवाल्यालाही त्यातलं काही येत नाही. आलेल्या पैशातले ५५ टक्के चॅनलचे, बाकीचे यूट्यूबचे. मामांनी नातवाचा हात धरला तेव्हा आमच्या पदरात जे पडलं ते पैशांतच मोजण्याइतकं होतं, रुपयापर्यंत गोष्ट गेली नसणार. पण त्यांनी ते दिलं होतं, समजून दिलं होतं.

माझ्या लहानपणी आमच्या शहापुरात केबलवाल्याचं स्वतःचं चॅनल होतं. संध्याकाळी सिनेमाच्या मध्ये पाट्या यायच्या. साड्यांचं दुकान, शिकवणी वर्ग, कुंद्याचा मिठाईवाला, कुणाच्या तरी पोराचा वाढदिवसाचा फोटो भोवती फुलांची चौकट काढून, आणि मागं सनईचा नाहीतर बासरीचा एकच तुकडा फिरून फिरून. पाटी ज्याची तो दुकानदार दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. साडी घ्यायला गेलं की विचारायचा, "काल बघितलासा काय आमचं?" कोण बघतं हे त्याला आकड्यावरून कळत नव्हतं, तोंडावरून कळत होतं. घरी सकाळी तरुण भारत यायचा. १९१९ साली बाबूराव ठाकुरांनी सुरू केलेला हा पेपर आमच्याकडच्या कितीतरी घरांत आजोबांच्या आधीपासून येतो आहे. बाबा मोठ्या बातम्या मनात वाचायचे आणि छोट्या जाहिराती मोठ्यानं. खोली भाड्यानं देणे आहे, म्हैस विकणे आहे, वधू पाहिजे. त्या जाहिरातीचा दर जागेवर ठरायचा, इतक्या सेंटिमीटरला इतके. अंक खानापुरात वाचला जातोय की चंदगडात, माळ्याच्या घरात की वकिलाच्या, यावर दर हलत नव्हता.

आता दर बघणाऱ्या माणसाला लागतो. मामांच्या नातवानं व्हिडिओवर बोट ठेवलं त्या क्षणी फोन कुठल्या भागात आहे, कुठल्या भाषेत चालतो, कुठल्या बनावटीचा आहे, वेळ काय, आधी काय काय बघितलं असावं, अशा खुणांवरून त्या एका बघण्याचा लिलाव झाला आणि चित्र हलायच्या आत संपलाही. मोठ्या माध्यम कंपन्या आपल्या संकेतस्थळावर स्वतःचा प्लेअर लावतात तिथंही हेच घडतं, फक्त लिलावात उतरणाऱ्यांची यादी त्या स्वतः ठरवतात. प्लेअर जाहिरातीच्या सर्व्हरला विचारतो, सर्व्हर ठरलेल्या साच्यात उत्तर देतो. व्हास्ट नावाचा तो साचा २००८ पासून सगळ्यांनी मान्य केलेला आहे. या प्रकारात जाहिरात फोनमध्येच वेगळी येऊन वाजते आणि तिला अडवणारी साधनं तिला अडवू शकतात. म्हणून हल्ली पुष्कळ ठिकाणी जाहिरात सर्व्हरवरच मूळ चित्रफितीत शिवून पाठवतात, फोनला शिवण कळत नाही. स्वतःच्या प्लेअरवर दर आपल्या हातात राहतो, वाटेकरी कमी होतात. पण प्रत्येक प्रेक्षकापर्यंत चित्र पोचवण्याचं वाहतुकीचं बिल जीबीवर येतं, आणि रात्रभर चालणाऱ्या मिरवणुकीला ते बिल आमच्यासारख्यांच्या आवाक्यात बसत नाही. म्हणून आम्ही यूट्यूबच्या अंगणात आहोत आणि तिथला लिलाव जसा होईल तसा घेतो.

त्या लिलावात उतरताना जाहिरातदारानं भरायचा एक रकाना असतो, जाहिरात कुठं दाखवायची याचा. पुण्याचा बिल्डर, कोल्हापूरचा सराफ, मुंबईचा मसालेवाला तिथं 'महाराष्ट्र' निवडतो आणि मराठीत बोलतो. बंगळूरची एजन्सी 'कर्नाटक' निवडते आणि कन्नडात बोलते. यात दोघांचंही काही चुकत नाही, आपापलं गिऱ्हाईक शोधायला ते मोकळे आहेत. पण बेळगावच्या, खानापूरच्या, निपाणीच्या मराठी घराचं काय होतं ते बघा. मराठी बोलणारा विक्रेता त्याला वगळून पुढं जातो, आणि जो येतो तो दुसऱ्या भाषेत येतो.

तो रकाना १९५६च्या नकाशावर भरला जातो.

हा सीमाप्रश्न आम्ही मोर्चात बघितला, निवडणुकीत बघितला, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयातही बघतो आहोत. तो मामांच्या सोप्यावर, तांब्याला टेकवलेल्या फोनमध्ये, असा बसलेला असेल असं मला वाटलं नव्हतं. मला कन्नड जाहिरातीचा राग आला का? नाही आला. आम्ही भाजी कन्नडात घेतो, शेजारणीशी अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलतो, मामांची सून त्या ठिबकच्या नळीची किंमत बरोबर ऐकून मामांना सांगत होती. तिच्या दृष्टीनं ती कामाची जाहिरात होती. मला लागलं ते दुसरंच. त्या घरात मराठी पुस्तकं आहेत, मराठी पेपर येतो, घरचा माणूस मराठीत कविता करतो, आणि मराठीत व्यापार करणाऱ्या कुणाच्याही हिशेबात ते घर नाही. सरहद्दीच्या अगदी काठावर हे आणखी विचित्र होतं. बाची ओलांडली की शिनोळी, मध्ये रस्ता तोच, ऊस तोच, काजू तोच. तिथं फोन कधी अलीकडचा टॉवर धरतो कधी पलीकडचा, आणि यंत्रणेचा ठिकाणाचा अंदाज नेटवर्कच्या पत्त्यावर बराच अवलंबून असतो. एकाच कट्ट्यावर बसलेल्या दोघांपैकी एकाला पुण्यातला फ्लॅट आणि दुसऱ्याला बंगळूरचं कॉलेज दिसताना मी बघितलंय.

रिपोर्ट उघडला की हे सगळं तक्त्यात उलगडतं. आमच्या संमेलनांचे व्हिडिओ गावात बघितले जातात तसे पुण्यात, मुंबईत, गोव्यात आणि दुबई-मस्कतमध्येही बघितले जातात, कारण पोरं तिकडं आहेत. अमेरिकेतल्या बघण्याला भारतातल्यापेक्षा मोठा भाव, हे सगळ्या व्हिडिओवाल्यांना ठाऊक असतं. भारतातही शहराला वेगळा भाव, सणाला वेगळा, मार्चअखेरीला वेगळा. मामांचा पुण्याचा भाचा बसमध्ये कानात इअरफोन घालून अर्धी कविता ऐकतो त्याची किंमत, आणि मामांच्या आईनं दोनदा लावायला सांगून ऐकलेल्या कवितेची किंमत, यांत जो फरक पडतो तो पहिल्याच्या बाजूनं पडतो. शिवाय घरभर माणसांनी एका फोनवर बघितलेली कविता रिपोर्टात एक बघणं म्हणून येते.

सोप्यावरची बाकीची माणसं कुठल्याच तक्त्यात नाहीत.

कुस्तीच्या मैदानात मात्र तक्ता फुगतो. येळ्ळूरला किंवा बेळगावातल्या आखाड्यात मैदान असलं की दुपारपासून हलगी कडकडायला लागते, तेल-ताक-हळद घालून मळलेल्या लाल मातीचा वास आमच्या टेबलापर्यंत येतो. माणसांनी माणसं दाबलेली असतात आणि एवढ्या गर्दीत टॉवर गुदमरतो, कारण प्रत्येकाच्या खिशातला फोन त्याच्याकडेच धावतो. म्हणून आम्ही वेगवेगळ्या कंपन्यांची सिम एका यंत्रात घालतो. ते यंत्र चित्र तोडून तोडून जे नेटवर्क जिवंत असेल त्यातून पाठवतं आणि पलीकडे पुन्हा जुळवतं. मग सर्व्हर त्याच चित्राच्या लहानमोठ्या दर्जाच्या प्रती करून काही सेकंदांचे तुकडे पाडतो, आणि बघणाऱ्याच्या फोनला जेवढं झेपेल तेवढ्या दर्जाचा तुकडा तो उचलतो. ॲपलनं २००९ साली आणलेल्या एचएलएस पद्धतीनंतर हे असं तुकडे पाडणं सगळीकडे रुळलं. खानापूरच्या रानातल्या वस्तीत चित्र धूसर होतं पण थांबत नाही, ते यामुळे. हे तुकडे भरून यायला वेळ लागतो, म्हणून मैदानात पैलवान चीतपट झाल्याचा गलका आधी उठतो आणि टेबलावरच्या फोनमध्ये तो पैलवान अजून उभाच असतो. पहिल्यांदा बघणारी पोरं दचकतात. मला ते अंतर आवडतं. त्या काही सेकंदांत कुठल्या कुठल्या घरांत माणसं अजून श्वास रोखून बसलेली आहेत, हे मला आतून माहीत असतं.

चित्ररथ मिरवणुकीचं गणित त्याहून निराळं. रथामागून रथ येतात, प्रत्येकाच्या स्पीकरवर गाणं, आणि गाण्याला मालक असतो. २००७ पासून यूट्यूबकडे कंटेंट आयडी आहे. गाण्याचा मालक मूळ प्रत देऊन ठेवतो, चढवलेल्या प्रत्येक व्हिडिओचा आवाज तिच्याशी ताडून बघितला जातो, आणि जुळला तर तो व्हिडिओ बंद करायचा, त्याचे पैसे आपल्याकडे वळवायचे, की नुसतं लक्ष ठेवायचं, हे मालक ठरवतो. गाणं करणाऱ्याला त्याचं मिळावं, यात वाद नाही. आम्ही माईक ढोल-ताशाकडे आणि लेझीमकडे वळवतो, रथावर उभी असलेली पोरं जे संवाद म्हणतात ते जवळून घेतो. खरं तर त्यामुळे मिरवणुकीचा आवाज सुधारला. पोरांच्या घोटवलेल्या वाक्यांत धाप लागते ती ऐकू यायला लागली.

गावोगावी पोरं आता स्वतःची चॅनलं काढतात. २०१८ पासून जाहिरातीच्या पैशांत वाटा मिळायचा तर हजार वर्गणीदार आणि बारा महिन्यांत चार हजार तासांचं बघणं लागतं. शॉर्ट्सची वाट वेगळी आहे. दहा डॉलर जमले की पत्ता खरा आहे का हे तपासायला पोस्टानं पिन असलेलं पत्र येतं, आणि शंभर डॉलर झाल्याशिवाय पैसे हलत नाहीत. खानापूर तालुक्यातल्या एका पोराचं ते पत्र आलं तेव्हा पोस्टमनदादांनी ते गल्लीत सगळ्यांना दाखवत आणलं होतं, सरकारी नोकरीचा कॉल असल्यासारखं. ही पोरं माझ्याकडे येतात आणि विचारतात, काय टाकलं की चालतं? त्यांना खरं उत्तर माहीत असतं. अपघात चालतो, भांडण चालतं. आठ मिनिटांच्या पुढं व्हिडिओ गेला की मध्येही जाहिरात बसवता येते, म्हणून पाच मिनिटांची बातमी आठ मिनिटांची करतात. एकच वाक्य तीन वेळा म्हणतात, तेच चित्र फिरवतात. मी त्यांना दोष देत नाही, पेट्रोल त्यांच्या खिशातलं जातं. पण ज्याच्या घरी अपघात झालाय त्याच्या आईला हे पोरगं उद्या बाजारात भेटणार असतं. मुंबईच्या चॅनलला ती आई भेटत नाही. आमच्या कामातली सगळी जोखीम आणि सगळी इज्जत यातच आहे, असं मला वाटतं, आणि ते मी त्यांना दरवेळी सांगते.

संमेलन चालत नाही. ते चालावं अशी माझी अपेक्षाही नाही. मैदानानं पोसावं आणि संमेलन जपावं, एवढाच हिशेब मी इतके दिवस धरला होता. मामांच्या घरून आल्यावर तो मला अपुरा वाटायला लागला. कारण ते घर फुकट घेत नव्हतं. द्यायला तयार होतं, आपला वेळ देत होतं, आणि त्या वेळेला लिलावात भाव नव्हता. मग भाव करणारा दुसरा कुणी शोधायला हवा. बाजारपेठेत फिरून बघायचं ठरवलं. गणपत गल्लीत, खडेबाजारात मराठी गिऱ्हाइकावर चालणारी दुकानं काय कमी आहेत? बियाण्याचं दुकान, भांड्याचं, पुस्तकांचं. ऑनलाइन लिलावात ही मंडळी उतरत नाहीत, उतरायचं कसं हे त्यांना कुणी सांगितलेलंही नाही. यूट्यूबचा नियमही त्याला आड येत नाही. बाहेरची तयार जाहिरात व्हिडिओच्या मध्ये चिकटवायला मनाई आहे, पण प्रायोजकाचं नाव तोंडानं घ्यायला, त्याची स्थिर पाटी दाखवायला चालतं. सशुल्क प्रसिद्धी आहे अशी खूण तेवढी करावी लागते.

भांड्याच्या दुकानात मालकांनी गल्ल्यावरूनच विचारलं, "बघतात किती जण?" मी रिपोर्ट दाखवला. आकडा लहान होता. मग मी त्यांना सोप्यावरचं सांगितलं, एका फोनभोवती किती माणसं होती ते, आणि जाहिरात कशी बघितली ते. त्यांनी गावाचं नाव विचारलं. मग मामांच्या भावकीतल्या एका लग्नाची भांडी आपल्याकडनंच गेली होती असं सांगितलं, वहीत मागं जाऊन तारीखही काढली. कवीसंमेलनाचं प्रायोजकत्व पूर्ण त्यांनी घेतलं. अट एकच घातली, कुणाची कविता चालू असताना आपलं नाव यायला नको, दोन कवींच्या मध्ये माणूस उठून माईकपर्यंत चालत येतो तेव्हा घ्या.

संमेलनाच्या समितीच्या बैठकीत बाकीचं ठरलं. मध्ये येणाऱ्या जाहिरातींच्या जागा यंत्रावर सोडायच्या नाहीत, रेकॉर्डिंग पूर्ण ऐकून हातानं लावायच्या, तेही फक्त सत्र संपतं तिथं. प्रत्येक कवीच्या नावापुढं त्याचं गाव आणि व्हिडिओतली वेळ लिहायची, म्हणजे नात शोधायला बसली तर तिला आजोबा नावानं सापडतील. मूळ फायली दोन डिस्कवर, एक आमच्याकडे आणि एक गावच्या वाचनालयाच्या कपाटात, हक्क गावाचा. सचिवांनी हे सगळं इतिवृत्ताच्या वहीत उतरवून घेतलं आणि खाली सह्या झाल्या. ग्रंथदिंडी रविवारी सकाळी आठला मारुतीच्या देवळापासून निघते, कॅमेरे सातला लागतील.